ग्रीन कार्ड आलं नव्हतं, तरी पुण्याला जाऊन परत आले: माझा अनुभव

कार्ड हातात नसताना अमेरिकेबाहेर जाता येतं का, हा प्रश्न न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या बागेतल्या बाकावर दर चार दिवसांनी कुणीतरी काढतंच. मुलांकडे कायमचे राहायला आलेले आईवडील इथे पुष्कळ, आणि प्रत्येकाचं गावाकडे काहीतरी अडकलेलं. तर, जाता येतं आणि परतही येता येतं. कायदा आडवा येत नाही. आडवा येतो तो मुंबई विमानतळावर चेक-इनला बसलेला माणूस. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा थोडं तिखट लिहिलं गेलं तर चालवून घ्या.

आधी कागदांचं सांगते. लेक अमेरिकन नागरिक झाल्यावर तिने माझ्यासाठी अर्ज केला, मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली आणि पासपोर्टात आयआर-५ वर्गाचा, म्हणजे नागरिकांच्या आईवडिलांसाठीचा, इमिग्रंट (कायमचं राहायला जाण्याचा) व्हिसा चिकटून आला. त्याची मुदत साधारण सहा महिने असते. घरची आवराआवर करता करता मी जूनमध्ये, मुदत संपायच्या जरा आधी, नेवार्कला उतरले. तिथल्या अधिकाऱ्याने व्हिसावर शिक्का मारला, तारीख घातली. कार्डाची २३५ डॉलर फी जावयांनी मी निघण्याआधीच ऑनलाइन भरली होती. ती भरल्याशिवाय कार्ड छापायलाच घेत नाहीत. पोहोचल्यावर ९० दिवसांपर्यंत वाट बघा, असं सांगितलेलं. म्हणजे सप्टेंबर उजाडला असता.

आणि जुलैत पुण्याहून सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन. इमारत पुनर्विकासाला निघाली होती, फ्लॅट माझ्या नावावर, करारनाम्याची नोंदणी ठरलेली. मुखत्यारपत्र करून पाठवण्याइतका वेळ नव्हता. हे म्हणाले, तू जा, मी नातवाकडे बघतो. (बघितलं ते टीव्हीकडे, पण तो वेगळा विषय.) दुय्यम निबंधकाकडे अंगठा, फोटो, सह्या सगळं सुरळीत झालं आणि ऑगस्टमध्ये मी परतीच्या विमानासाठी मुंबईला आले.

वेब चेक-इन झालंच नाही, 'कागदपत्रं काउंटरवर दाखवा' असा निरोप आला. तेव्हाच पाल चुकचुकली होती. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट उघडला, दुधाच्या पिशवीवरची तारीख बघावी तसा व्हिसा बघितला आणि म्हणाला, "आंटी, ये तो एक्स्पायर हो गया है."

छातीवरच्या बिल्ल्यावरून मराठी दिसला, म्हणून मी मराठीत शिरले. म्हटलं, "बाळा, ती तारीख पहिल्यांदा अमेरिकेत शिरण्यासाठीची होती. मी तिच्या आत शिरले. हा बघ शिक्का."

"हो, पण आता व्हिसा संपलाय ना. मग ग्रीन कार्ड दाखवा."

"ते यायचंय."

"मग फोटो तरी मागवून घ्या ना व्हॉट्सअॅपवर."

न आलेल्या कार्डाचा फोटो! मी त्याला व्हिसाच्या तळाशी, त्या बाणांच्या खुणा आणि आकड्यांच्या दोन ओळींच्या अगदी वर छापलेलं इंग्रजी वाक्य दाखवलं. त्याचा अर्थ असा, की शिक्का पडल्यानंतर हाच व्हिसा एक वर्ष तात्पुरतं आय-५५१ म्हणून चालेल. आणि आय-५५१ म्हणजे ग्रीन कार्डच, सरकारदरबारी त्याचं नाव तेच. वर्ष मोजायचं शिक्क्याच्या तारखेपासून. माझं पुढच्या जूनपर्यंत होतं. त्याने वाक्य वाचलं, मान डोलावली, आणि परत वरच्या तारखेवर बोट ठेवलं. मग परतीचं तिकीट आहे का, असंही विचारून झालं. अहो, मी घरी चाललेय, परत कुठून येऊ?

त्याने कुणालातरी फोन लावला. पलीकडच्याने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण याने सांगितलं ते ऐकू आलं: "विसा एक्स्पायर्ड, नो ग्रीन कार्ड." एवढंच. शिक्क्याचा उल्लेख नाही, त्या वाक्याचा नाही. अशा प्रश्नाला दुसरं काय उत्तर येणार? मला बाजूला उभं राहायला सांगितलं. बाजूला उभं राहणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. बॅगा वजनकाट्यावरून उतरवलेल्या, मागची रांग पुढे सरकतेय, आणि येणारा-जाणारा आपल्याकडे बघतोय की या बाईंनी काय केलं असेल. वर एक बाई येऊन सहानुभूतीने म्हणाल्या की तुम्ही उद्या वकिलातीत जाऊन नवा व्हिसा घ्या. नवा व्हिसा! जणू वडापाव.

माझी सगळी नोकरी बँकेत, काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. त्यामुळे त्या पोराचं भय मला कळत होतं. योग्य कागद नसलेला प्रवासी अमेरिकेत नेला तर विमान कंपनीला हजारो डॉलरचा दंड बसतो, शिवाय त्याला परत आणायची जबाबदारीही येते. त्यामुळे 'नाही' म्हणण्यात त्याचं काही जात नाही, 'हो' म्हणण्यात नोकरी जाऊ शकते. अशा माणसाशी भांडून उपयोग नसतो. त्याच्या डोक्यावरची जबाबदारी दुसऱ्या कुणाच्या तरी सहीखाली न्यावी लागते. मी ड्यूटी मॅनेजर मागितला. आवाज चढवला नाही, पण हलणार नाही एवढं दिसू दिलं.

तोवर लेकीला फोन लावला. तिकडे दुपार होती, ती मीटिंगमधून बाहेर आली. तिने मला नेमकं काय म्हणायचं ते सांगितलं, आणि हेच सगळ्यांनी लिहून ठेवा: "टिमॅटिकमध्ये बघा." कुठल्या प्रवाशाला कुठल्या देशात कोणते कागद लागतात, ते विमान कंपन्या या यंत्रणेत बघतात. मॅनेजर आले. शांत गृहस्थ. मी म्हटलं, "तुमच्या माणसाने साधा व्हिसा म्हणून बघितलंय. कृपा करून इमिग्रंट व्हिसा, शिक्का मारलेला, असं बघा. आणि तरीही शंका असेल तर अमेरिकेच्या सीमा खात्याचे लोक विमान कंपन्यांसाठी फोनवर असतात, त्यांना विचारा." हे शेवटचं वाक्य ऐकून त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग स्वतः खुर्चीवर बसले, स्क्रीन खाली सरकवत गेले, आणि एका ठिकाणी थांबून पोराला जवळ बोलावलं. दोघांनी मिळून वाचलं. बोर्डिंग पास छापला गेला. माफी कुणी मागितली नाही. पोराने मात्र बॅगा स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवल्या, तेवढं त्याच्या खात्यात जमा.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. मधल्या विमानतळावर गेटवरच्या मुलीने पान उलटलं, तळाचं वाक्य वाचलं, पासपोर्ट परत दिला. नेवार्कला मी नागरिक आणि रहिवाशांच्या रांगेत उभी राहिले, अधिकाऱ्याने दोन बोटांचे ठसे घेतले आणि सोडलं. ज्यांचा देश, त्यांना शंका नाही. शंका सगळी साकीनाक्याच्या अलीकडे.

जाणाऱ्यांसाठी सुचेल तसं लिहिते. पहिल्यांदा उतरताना शिक्का व्हिसावर पडलाय आणि तारीख वाचता येतेय, हे तिथेच बघून घ्या. पुसट असेल तर नम्रपणे परत मागा. त्या पानाची रंगीत प्रत काढून तळाच्या वाक्याखाली पिवळी रेघ मारा, माझ्याकडे ती असती तर अर्धा वाद वाचला असता. विमानतळावर तास-दोन तास आणखी आधी जा.

वर्ष संपत आलं आणि कार्ड आलंच नाही, तर इथे असतानाच अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या (यूएससीआयएस) ८००-३७५-५२८३ या नंबरवर फोन करून पासपोर्टात आय-५५१ चा शिक्का मारून मिळण्यासाठी भेट मागायची. जुनं कार्ड संपलेलं असून नूतनीकरणाचा अर्ज केला असेल तर ते जुनं कार्ड आणि अर्जाची पोच जोडीने न्या. सप्टेंबर २०२४ पासून ती पोच मुदत ३६ महिन्यांनी वाढवते. बाकावरच्या एका काकांचं पाकीट दादरला मारलं गेलं, कार्डासकट. त्यांना वकिलातीत आय-१३१ए फॉर्म भरून विमानात बसण्यापुरता कागद घ्यावा लागला, फी ५७५ डॉलर. तोही बाहेर राहून वर्ष व्हायच्या आत असाल तरच. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर री-एंट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करून निघायचं, पुण्यात बसून तो करता येत नाही.

आणि एक राहिलं. कार्ड हातात येईपर्यंत भारतीय पासपोर्ट नूतनीकरणाला टाकू नका. व्हिसा आणि शिक्का दोन्ही त्याच पासपोर्टात आहेत, आणि नवा मिळताना जुना रद्द होतो. आतला व्हिसा त्याने बाद होत नाही, हे मला माहीत आहे. पण रद्द झालेला पासपोर्ट आणि मुदत उलटलेला व्हिसा घेऊन त्या काउंटरवर परत उभं राहायची माझी तयारी नाही.