तुम्ही विचारलंत म्हणून: आवडतं पिस्तूल कोणतं, आणि का?

रेंजवर नव्या मुलांना घेऊन येणारे पालक हे विचारतात, आणि वर्षानुवर्षं नेमबाजी करणारेही एकमेकांना हेच विचारत असतात. इथे फक्त 10 मीटर एअर पिस्तुलाबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते. माझं उत्तर स्टायर एलपी10. मोरिनी कंपनीचं पिस्तूल वापरणारा मोरिनीचंच नाव घेईल आणि त्याचंही बरोबर असेल. दोघांची कारणं मात्र समजून घेण्यासारखी आहेत.

आधी खेळ काय आहे ते बघा. दहा मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं. पेलेट, म्हणजे छर्रा, 4.5 मिलिमीटरचं. एका हाताने, कुठेही टेकू न घेता, 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे. इथे ताकदीला, आवाजाला काहीच किंमत नाही. जे पिस्तूल शॉट सुटताना हातात हलत नाही आणि ज्याचा ट्रिगर रोज तसाच लागतो, त्याच्यावर नेमबाजाचा जीव जडतो.

एलपी10 आवडण्याचं मोठं कारण म्हणजे त्यातला ॲब्झॉर्बर. पेलेट सेकंदाला साधारण 150 मीटर वेगाने सुटतं. धक्का अगदी बारीक असतो, पण साइट (नेम धरायची पुढची काडी आणि मागची खाच) उडवायला तेवढा पुरतो. ॲब्झॉर्बरमध्ये त्याच क्षणी एक छोटं वजन सरकतं आणि तो धक्का खातं. त्यामुळे शॉट गेल्यावरही साइट जागेवर दिसते आणि मॉनिटर बघण्याआधीच तुम्ही सांगू शकता, ‘नऊ, डावीकडे.’ आपला शॉट आपल्याला वाचता येणं हे शिकण्याच्या दृष्टीने फार मोलाचं आहे.

मोरिनी सीएम 162 ईआयवाल्यांचं प्रेम वेगळ्या कारणाने. त्याचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे. एकमेकांवर घासून सुटणारे धातूचे भाग नाहीत, त्यामुळे झीज, धूळ किंवा सुकलेलं ग्रीस यांनी ट्रिगर बोटाला वेगळा लागत नाही. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढायचा असतो: पहिल्यात तो अडेपर्यंत मागे येतो, दुसऱ्यात शॉट सुटतो. इथे हा दुसरा टप्पा काच तुटावी तसा स्वच्छ सुटतो. त्या बदल्यात बॅटरीची काळजी घ्यावी लागते. मॅचच्या पेटीत नवी बॅटरी ठेवणं हा नियमच करा. वॉल्थर एलपी400 किंवा फाइनवेर्कबाऊ पी8एक्स घेतलंत तरी स्कोअर त्या पिस्तुलामुळे अडणार नाही. या दर्जाला पिस्तुलं इतकी चांगली आहेत की फरक उरतो तो हाताच्या ठेवणीचा. बारीक मनगटाच्या मुलांना मात्र स्टायरच्या एलपी2 कॉम्पॅक्टसारखं आखूड, हलकं पिस्तूल द्या. जड पिस्तुलाने चाळिसाव्या शॉटनंतर खांदा खाली यायला लागतो आणि मूल मनगटाने वर उचलायची वाईट सवय लावून घेतं.

जुनं फाइनवेर्कबाऊ 65 अजूनही जपून ठेवणारे लोक आहेत. 1965 सालचं डिझाइन, स्प्रिंगवर चालणारं. बाजूचा दांडा ओढला की तयार, बाकीच्यांसारखी दाबाने भरलेल्या हवेच्या सिलिंडरची भानगडच नाही. शॉटच्या वेळी वरचा भाग रुळावर मागे सरकतो आणि हाताला धक्का जवळपास लागत नाही. आतलं सील काळाने भुगा होतं, ते बदललं की पिस्तूल पुन्हा उभं राहतं.

आता ट्रिगर, कारण पिस्तूल आवडतं किंवा नावडतं ते इथेच. नियमाप्रमाणे तो किमान 500 ग्रॅमचा हवा, म्हणजे त्याहून कमी ओढीने सुटता कामा नये. तपासणीत पिस्तूल कॉक करून (शॉटसाठी तयार करून), नळी उभी धरून ट्रिगरवर 500 ग्रॅमचं वजन उचलतात; पिस्तूल सुटलं तर नापास. तीन संधी मिळतात. बरोब्बर 500 वर लावलेला ट्रिगर तापमान बदललं तरी नापास होऊ शकतो, म्हणून 510 ते 520 वर ठेवा. यातले साधारण 400 ग्रॅम पहिल्या टप्प्यात आणि उरलेले दुसऱ्यात. पहिला टप्पा जड ठेवल्याने बोट निर्धास्तपणे ट्रिगरवर बसतं, आणि शेवटचं शंभर-सव्वाशे ग्रॅम ओढताना साइट हलत नाही. नवखे याच्या उलट करतात: पहिला टप्पा अगदी हलका, दुसरा जड. मग दुसऱ्या टप्प्याची भिंत लागल्यावर बोट जोर करतं आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली डावीकडे जातात.

स्क्रू एका वेळी एकच फिरवा, तोही आठवा भाग फेरा, आणि किती फिरवला ते वहीत लिहा. सिअरची, म्हणजे शॉट अडवून धरणाऱ्या आतल्या खटक्याची, पकड फार कमी केलीत तर दुसरा टप्पा कुरकुरीत लागतो खरा, पण पिस्तूल कॉक करताना किंवा जरा आपटल्यावर आपोआप सुटू शकतं. हे धोक्याचं आहे. ट्रिगर मागे कुठे थांबायचा ते ठरवणारा ट्रिगर स्टॉपचा स्क्रू जास्त आत गेला तर उलट होतं: बोट स्टॉपला टेकतं, शॉट सुटत नाही, आणि नेमबाज आपल्याच मनाला दोष देत बसतो. शॉट सुटल्यानंतर ट्रिगर आणखी केसभर मागे जायला हवा, एवढी जागा सोडा.

ग्रिप विकत मिळते तशी कुणालाच बसत नाही. तपासायला सोपी रीत: पिस्तूल रिकामं, डोळे मिटून हात टार्गेटकडे उचला, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. ती एका बाजूला असेल तर ग्रिपचा कोन बदला; मनगट वळवून मध्ये आणलेली साइट विसाव्या शॉटला परत सरकते. मग तळव्याला पावडर लावून ग्रिप धरा. पावडर जिथे लागली नाही तिथे पोकळी आहे, तिथे दोन भागांची एपॉक्सी पुट्टी भरा आणि ती ओली असतानाच हात दाबून ठसा घ्या. टोचतं तिथे 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. थोडंच घासा, कारण गेलेलं लाकूड परत येत नाही. ट्रिगरच्या बोटाला लाकूड कुठेही लागता कामा नये. हील रेस्ट, म्हणजे ग्रिपच्या खालचा हाताचा आधार, तळव्याला नुसतं टेकावं, दाबू नये. दाबलं तर हाताचं रक्त अडतं आणि बोटं थरथरतात.

हवेच्या बाबतीत कोकण-मुंबईकरांनी जास्त सावध राहावं. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर ओल आत जाते आणि रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग), झडप गंजतात. कोरड्या हवेच्या मोठ्या सिलिंडरवरून भरलेलं बरं. पिस्तुलाचा सिलिंडर 200 बार दाबाचा असतो. सावकाश भरा, घाईत भरला तर तापतो आणि थंड झाल्यावर दाब उतरलेला दिसतो. ओ-रिंगला (जोडातल्या रबरी कड्याला) फक्त सिलिकॉन ग्रीस. साधं मशीन ऑइल कधीही नको, जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. रात्रभर ठेवलेल्या पिस्तुलाचा सकाळचा पहिला शॉट सतत वर जात असेल तर रेग्युलेटर तपासून घ्या, साइटला हात लावू नका.

कायद्याचंही विचारता, म्हणून: 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला भारतात परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं त्या 25 मीटर प्रकारातलं .22 चं पिस्तूल मात्र परवान्याशिवाय घेता येत नाही.

वापरलेलं पिस्तूल घेणार असाल तर चकाकीकडे बघू नका. सिलिंडरवरची तारीख बघा. दहा वर्षं उलटली असतील तर तो मॅचमध्ये चालणार नाही, आणि नव्या सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. सिलिंडर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी मीटरवर दाब तेवढाच आहे का ते पाहा. मग पिस्तूल क्लॅम्पमध्ये धरून दोन-तीन बॅचच्या पेलेटचे पाच-पाच शॉट मारा. ज्या बॅचचे पाचही शॉट एकाच भोकात जातात, तिचे डबे एकदमच घेऊन ठेवा, कारण पुढच्या बॅचला तेच पिस्तूल वेगळा ग्रुप (शॉटचा पुंजका) देईल.