सड्यावरची ताऱ्यांची रात्र

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाची ताऱ्यांची रात्र दरवर्षी दुपारी तीनलाच सुरू व्हायची. जानेवारीतल्या अमावास्येजवळचा शनिवार, गोव्यातल्या पेडण्याकडचा मोकळा सडा, म्हणजे खडकाळ पठार, आणि यादीतला पहिला तारा सूर्य!

६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून त्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची. त्याआधी तिच्यावरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला झाकण, नाहीतर कुणीतरी तिला डोळा लावतोच. नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, साधी, धातूच्या नळीची, प्लॅस्टिकची वितळते. पृथ्वी फिरत असल्यामुळे दोनेक मिनिटांत बिंब सरकून जाई, म्हणून एक पोर खास बटण फिरवायला बसवलेलं असे. बिंबाची कड मधल्या भागापेक्षा मंद दिसायची. सूर्यावरचे डाग काळे दिसले तरी साडेतीन हजार अंशांच्या आसपास तापलेले असतात. शेजारचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा, म्हणून ते काळे.

मग पातळभाजी-पाव, आणि अंधार पडला की पाटीवर ताऱ्यांचे वर्ग, सर्वांत तप्तापासून थंडापर्यंत: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. मुलं हमखास विचारायची, ए-बी-सी का नाही? अक्षरं आधी ताऱ्याच्या वर्णपटातल्या (प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या) हायड्रोजनच्या रेषांच्या ठळकपणावरून दिली होती. पुढे तापमानाप्रमाणे मांडल्यावर क्रम विस्कटला आणि काही अक्षरं गळाली. आमचं आवडतं काम म्हणजे ही सातही अक्षरं त्याच आकाशात दाखवणं, आणि जानेवारीत साडेनऊला ते जमतंच. मृगातल्या बाणाचा व्याधाकडचा तारा ओ, राजन्य बी, व्याध ए, प्रश्वा एफ, ब्रह्महृदय जी, रोहिणी के, काक्षी एम. रंग कळत नसेल तर दुर्बिणीचा फोकस जरा बिघडवायचा; ठिपका पसरतो आणि रंग उघडा पडतो. क्षितिजालगतचा तारा मात्र या कामाचा नाही, हवेमुळे तो सगळेच रंग फेकतो.

ब्रह्महृदयापाशी जास्त वेळ जायचा, आणि तो जावाच. अक्षर दुपारच्या सूर्याचंच. पण सूर्य जी२व्ही. २ हा जी वर्गातला उपवर्ग. शेवटचा व्ही म्हणजे रोमन पाच, हायड्रोजन जाळणारा मुख्य क्रमावरचा तारा. ब्रह्महृदयाला रोमन तीन, म्हणजे फुगलेला, राक्षसी तारा. तोही एक नव्हे: दोन राक्षसी तारे १०४ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, लांबवर लाल खुज्या ताऱ्यांची आणखी एक जोडी. दुर्बिणीत हे काही फुटत नाही. वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात, त्यावरून कळतं. अशांना वर्णपटीय जोडतारे म्हणतात. ययाती तारकासमूहातला अल्गॉल ग्रहणकारी: २ दिवस २१ तासांनी त्याचा तेजस्वी तारा मंद जोडीदाराआड जातो. मंद होण्याची वेळ त्या शनिवारी रात्री आली, तर यजमानांची चैन.

बाराला वसिष्ठ वर येई. अरुंधती नुसत्या डोळ्यांनी वेगळी, वसिष्ठ दुर्बिणीत दुभंगतो. सगळे मिळून सहा तारे. तोवर भिंगावर दव साचायचंच. ते पुसायचं नाही, ओरखडे पडतात. लांबून हेअर ड्रायरची कोमट हवा द्यायची आणि घरी नेल्यावर कोरडी होईपर्यंत दुर्बीण पेटीत बंद करायची नाही. गोव्याच्या दमटपणात भिंगाला बुरशी लागायला वेळ लागत नाही.