मूनी खाली आणताना: स्पीडब्रेकच्या सरावाची नोंद

मूनी एम20जे हे एका इंजिनाचं छोटं विमान वेग सोडायला तयार नसतं, हे ते उडवणाऱ्या कुणाला सांगायला नको. नाक जरा खाली केलं की वेगाचा काटा पिवळ्या पट्ट्याकडे, म्हणजे फक्त शांत हवेत चालणाऱ्या वेगाकडे, निघतो. पंखांवर इलेक्ट्रिक स्पीडब्रेक, म्हणजे पंखातून वर उभ्या राहून हवेला अडवणाऱ्या पट्ट्या, बसवलेलं विमान हाती आल्यापासून मी फक्त उतरण्याचा सराव लावून धरला आहे. जे पक्कं झालं ते लिहितो.

आधी हिशेब, कारण ब्रेकचं खरं काम मला त्यातूनच कळलं. पूर्ण वजनाला हे विमान साधारण 1,243 किलोचं. मिनिटाला 500 फूट या दराने ते खाली येतं तेव्हा गुरुत्वाकर्षणाकडून सुमारे 31 किलोवॅट, म्हणजे चाळीसेक अश्वशक्ती आयती मिळते. वेग तोच ठेवायचा तर तेवढी ताकद इंजिनाकडून कमी घ्यायला हवी, आणि प्रॉपेलरमध्ये जाणारी गळती धरली तर जवळपास 50. आपलं 200 अश्वशक्तीचं इंजिन 65 टक्क्यांवर चालत असेल तर हाताशी 130 असतात, त्यामुळे 500 फुटांचा दर आरामात बसतो. 1,000 फुटांना मात्र 100 सोडाव्या लागतात आणि इंजिन आयडलच्या, म्हणजे नुसतं चालू राहण्याइतक्या ताकदीच्या, आसपास जातं. वरच्या थंड हवेत, इतक्या वेगात, सिलिंडर झपाट्याने गार होतात. सिलिंडर हेडचं तापमान मिनिटाला 50 अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त घसरू देऊ नका, असा इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगचा सल्ला आहे. अशा अचानक गार होण्याने, म्हणजे शॉक कूलिंगने, खरंच किती नुकसान होतं यावर मतभेद आहेत. मी तो आकडा पाळतो, कारण पाळायला काही अवघड नाही.

स्पीडब्रेक ही जादा ऊर्जा हवेत उधळतात आणि इंजिन कामात राहतं. एवढंच त्यांचं काम, पण फार मोलाचं.

माझा क्रम आता असा ठरला आहे: आधी ब्रेक बाहेर, मग मान वळवून दोन्ही पंखांकडे एकेक नजर, वेग थोडा उतरला की नाक खाली, आणि थ्रॉटल सर्वांत शेवटी, तेही मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, त्यावरून ताकद कळते) मिनिटाला एखाद इंच कमी होईल या बेताने. नाक आधी खाली घातलं तर वेग आधीच वाढलेला असतो आणि ब्रेकचा पहिला जोर तो उतरवण्यातच जातो. ब्रेक उघडताना हलकी थरथर जाणवते. प्रवाशांना आधी सांगून ठेवावं.

एक गोष्ट विसरू नये: ब्रेकमुळे होणारा हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने बदलतो. 150 नॉटला जो मिळतो त्याचा 80 नॉटला तिसरा हिस्साही उरत नाही. म्हणून हे साधन वर, वेग असतानाच वापरायचं. ग्लायडरवाले एअरब्रेक हवे तेवढे उघडून धावपट्टीकडे येण्याचा सगळा शेवटचा टप्पा (अप्रोच) त्यावर करतात. आपल्याकडे आत किंवा बाहेर, मधलं काही नाही. गिअर, म्हणजे उतरायची चाकं, हाही उत्तम ब्रेक आहे, पण आमच्या विमानात 132 नॉटच्या वर तो उघडता येत नाही. स्पीडब्रेकला ती अडचण नाही. खालच्या थरात हवा खवळलेली असेल तर तिथे शिरण्याआधी वेग मॅन्युव्हरिंग स्पीडपर्यंत, म्हणजे धक्क्यांचा ताण विमानाला सोसेल इतका खाली, आणायला मला तेच सर्वांत भरवशाचे वाटतात.

तरीही नियोजनाला पर्याय नाही. 8,000 फूट उतरायचे, दर 500 फुटांचा, तर 16 मिनिटं लागतात. जमिनीच्या हिशेबाने 160 नॉट वेगाला (ग्राउंडस्पीड) ते जवळपास 43 नॉटिकल मैल झाले. वारा पाठीमागून असेल तर आणखी. कंट्रोलरने वर अडकवून ठेवलं, वाटेत डोंगर असला किंवा ढगातली फट जवळ आल्यावरच सापडली, तर ब्रेकच्या जोरावर हे अंतर निम्म्यावर येतं. पण केबिन प्रेशराइज्ड नाही, आतला हवेचा दाब बाहेरच्याबरोबरच बदलतो. सर्दी झालेल्या प्रवाशाच्या कानांना 1,000 फुटांचा दर सोसत नाही, आणि त्यावर ब्रेकचा काहीच इलाज नाही. सोबत कुणी असेल तर मी लवकर निघतो आणि 500 वरच राहतो.

सर्वांत जास्त मेहनत मी ब्रेक आत घेण्यावर घेतो आहे. 20 डिसेंबर 1995 रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या 965 क्रमांकाच्या उड्डाणाचं बोइंग 757 कोलंबियात कालीजवळ डोंगरावर आदळलं. जमिनीचा इशारा मिळताच वैमानिकांनी पूर्ण ताकद देऊन नाक वर खेचलं, पण उतरताना उघडलेले स्पीडब्रेक उघडेच राहिले. 159 माणसं गेली. विमान आपलं लहान असलं तरी ताकद लावून चढायला निघालेल्या पंखावर ब्रेक उभे राहणं तितकंच घातक. म्हणून गो-अराउंडमध्ये, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, थ्रॉटल पुढे जाताना ‘ब्रेक आत’ हे शब्द मोठ्याने म्हणतो, ब्रेक उघडलेले नसले तरी. डाउनविंडला, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, गिअरच्या तपासणीतही तेच शब्द घातले आहेत.

आता पुढचं काम दोन तक्त्यांचं आहे: एकच मॅनिफोल्ड प्रेशर आणि एकच वेग ठेवून ब्रेक आत आणि बाहेर असताना उतरण्याचा दर किती, आधी हलक्या वजनाला, मग भरलेल्या विमानाला. हलक्या वजनाचे आकडे जमू लागले आहेत. भरलेल्या विमानासाठी स्थिर हवेच्या सकाळची वाट बघतो आहे.