ग्रंथालयाच्या सुगम्य विभागात: रॅम्पपासून स्क्रीन रीडरपर्यंत

आमच्या गटात पांढरी काठी, व्हीलचेअर आणि श्रवणयंत्र अशी तिन्ही साधनं वापरणारी माणसं होती, आणि जायचं होतं एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सुगम्य विभागात. यंत्रं तिथे भरपूर आहेत. घोडं अडतं ते शेवटच्या हातभर अंतरात: कुलूप, म्यूट केलेला आवाज, वाटेत उभी केलेली ट्रॉली. पुढे जाणाऱ्यांसाठी त्या फेरीचा हा वृत्तांत.

निघण्याआधी फोन कराच. "दिव्यांगांसाठी सोय आहे का?" या प्रश्नाला सगळीकडे "आहे" असंच उत्तर मिळतं, तेव्हा नेमकं विचारा. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) कोणता? त्यात मराठी आवाज आहे का? पासवर्ड टाकायच्या पडद्यावर तो बोलतो का? पेनड्राइव्ह लावू देतात का? लिफ्ट आज चालू आहे का? आणि विभागाची किल्ली कोणाकडे असते? हा शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण सगळा दिवस त्याच्यावर ठरतो.

प्रवेशाला रॅम्प होता. चढ १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला किमान १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. पायरीवर नुसती फळी टाकलेली दिसली तर एकट्याने चढायच्या भानगडीत पडू नका. दाराची रुंदी मोजताना दार पूर्ण उघडून चौकटीपासून दाराच्या कडेपर्यंतची मोकळी जागा धरायची. ती ८० ते ९० सेंटिमीटर हवी. साधी व्हीलचेअर ६५-७० सेंटिमीटर रुंद असते खरी, पण चाक ढकलणाऱ्या हाताची बोटं त्याच्याही बाहेर असतात. जागच्या जागी वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दोन कपाटांमधल्या बोळात ती सहसा नसते, म्हणून पुस्तक काउंटरवर मागवणं बरं.

जमिनीवर स्पर्शाने कळणाऱ्या फरशा होत्या: लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे सावध. रेघा फाटकापासून नीट आल्या आणि परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीखाली शिरल्या. ट्रॉलीचा खालचा कप्पा जमिनीपासून वर असतो. त्यामुळे काठी खालून आरपार जाते आणि पहिला मार नडगीला बसतो. ट्रॉली हलवायला तोंडी सांगून भागत नाही, ती दुसऱ्या दिवशी परत तिथेच असते. अभिप्रायाच्या वहीत लिहून या.

काउंटरवर कानाचं आणि 'टी' अक्षराचं चिन्ह दिसलं की तिथे इंडक्शन लूप (काउंटरवरचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी तार) आहे असं समजायचं. श्रवणयंत्र 'टी' मोडवर टाका आणि काउंटरच्या जवळ उभे राहा; काउंटरच्या लूपचा टप्पा जेमतेम मीटरभर असतो. काहीच ऐकू आलं नाही तर आधी लूपचा स्विच चालू करायला सांगा, बहुधा तोच बंद असतो. कानात पूर्ण बसणाऱ्या छोट्या यंत्रांत लूपचा आवाज पकडणारा टेलिकॉइल नसतोही, हे घरीच तपासून घ्या.

व्हिडिओ मॅग्निफायर (कॅमेऱ्याने पान पडद्यावर मोठं करून दाखवणारं यंत्र) वापरताना नवखी माणसं पहिल्याच झटक्यात अक्षर प्रचंड मोठं करतात आणि मग ओळ हरवतात. सर्वांत कमी मोठेपणावर पान लावा, परिच्छेद शोधा, मग वाढवा. जाड पुस्तकाचं पान शिवणीकडे वाकलेलं असतं, त्यामुळे ऑटोफोकस सारखा पुढेमागे करतो. एकदा स्पष्ट दिसलं की फोकस लॉक करा. गुळगुळीत कागदावर चकाकी येत असेल तर यंत्राचा दिवा बंद करून काळ्यावर पांढरी किंवा निळ्यावर पिवळी अक्षरं लावून बघा.

आता संगणक, म्हणजे मुख्य डोकेदुखी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर इन्स्टॉल असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकत्र दाबल्यावर सुरू होतो. तो मोफत असल्याने बहुतेक ठिकाणी सापडतो. सुरू होऊनही आवाज नसेल तर या क्रमाने बघा. हेडफोनची पिन नीट बसली आहे का, विंडोजचा आवाज म्यूट आहे का. त्यानंतर एनव्हीडीएच्या सेटिंगमधलं आउटपुट डिव्हाइस: ते स्पीकर नसलेल्या मॉनिटरवर गेलेलं असतं आणि प्रोग्रॅम बिचारा मुक्याने वाचत बसतो. तरीही शांतता असेल तर आधीच्या कुणाकडून इन्सर्ट आणि एस दाबलं गेलं असेल. त्याने बोलणं बंद होतं किंवा नुसते बीप येतात. पुन्हा बोलेपर्यंत तीच जोडी दाबत राहा. एनव्हीडीए मुळातच नसेल तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून विंडोजचाच नॅरेटर सुरू करा.

मराठीसाठी एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक आवाज यंत्रासारखा आहे, पण वेग वाढवला तरी शब्द खात नाही. हिंदी आवाज लावला तर मराठी मजकूर वाचला जातो, मात्र 'चमचा'तला च हिंदी वळणाने येतो आणि तासाभरात कान किटतात. सार्वजनिक संगणक रीस्टार्ट केला की बऱ्याचदा सगळी सेटिंग पुसली जातात. म्हणून घरच्या एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतून पोर्टेबल कॉपी (इन्स्टॉल न करता चालणारी प्रत) करून पेनड्राइव्हवर न्या. ती लॉगिनच्या पडद्यावर बोलत नाही, तेवढ्यापुरती कर्मचाऱ्याची मदत लागेल. संगणकाची वेळ संपत आल्याची चौकट स्क्रीन रीडर वाचेलच असं नाही. बसतानाच जादा वेळ मागा.

पीडीएफ उघडून कंट्रोल आणि ए दाबल्यावर काहीच वाचलं गेलं नाही तर ते पानाचं नुसतं चित्र आहे, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करावं लागेल. मराठी फाइलमधून इंग्रजी अक्षरांचा गोंधळ ऐकू आला तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. तिथे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लागतो. स्कॅन ३०० डीपीआयवर, बारीक टाइप असेल तर ४०० वर, ग्रेस्केलमध्ये करा. निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये शिरोरेघ तुटते आणि जोडाक्षरांचा भुगा होतो. ओसीआरची भाषा मराठी निवडायला विसरू नका.

ब्रेल डिस्प्लेवर (पडद्यावरचा मजकूर उठावदार ठिपक्यांत दाखवणारं यंत्र) ठिपके येतात पण अर्थ लागत नाही, तेव्हा ब्रेल टेबल, म्हणजे अक्षरांचे ठिपके ठरवणारी सेटिंग, दुसऱ्या भाषेचं असतं; ते मराठीवर आणा.

ग्रंथालयात हवं ते पुस्तक सुगम्य रूपात नव्हतं, तर पर्याय आहे. २०१३ सालच्या माराकेश करारानुसार (भारताने तो २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजूर केला) अधिकृत संस्थांना हक्कधारकाच्या परवानगीशिवाय अशी प्रत तयार करता येते आणि करारातल्या इतर देशांतून मागवताही येते. हा लाभ फक्त अंधांसाठी नाही. डिस्लेक्सिया असलेले आणि शारीरिक अडचणीमुळे पुस्तक हातात धरता न येणारेही त्यात बसतात. नोंदणीला प्रमाणपत्र मागतात, त्याची प्रत सोबत ठेवा आणि अर्ज पहिल्याच भेटीत द्या. अर्ज कागदी असेल तर आदल्या दिवशी ईमेलवर मागवून घरी भरून नेणं सोपं पडतं.