पेडलची शिट्टी: पांढरी सात, किंचित चढी

मंडळी, मी घरी बांधत असलेलं गिटारचं पेडल (गिटारचा आवाज बदलणारा, पायाशी ठेवायचा डबा) वाजतंय. डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमारा), डिस्टॉर्शन (फाटका, करकरीत आवाज) तिन्ही चालू आहेत, डब्याचं झाकणही लावून झालं होतं. पण डिस्टॉर्शनचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) वर नेला की मागे एक बारीक, सरळ, न थांबणारी शिट्टी यायची. वाजवताना ती बुडून जाते, पण दोन फ्रेझच्या मधल्या शांततेत कानाला टोचते. गेले चार आठवडे दुसरं काही केलं नाही, फक्त तिचा माग काढला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी सांगतो. ४८० मेगाहर्ट्झच्या कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसरचा तयार बोर्ड, त्यावरच २४ बिटचा कोडेक (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप), सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाची सेकंदाला ४८,००० मोजमापं (सॅम्पल). त्याच्या आधी, गिटारच्या बाजूला, टीएल०७२ या ऑप-अँप चिपचा बफर (गिटारच्या नाजूक सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारा भाग), इनपुट इम्पीडन्स १ मेगाओम. ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, अ‍ॅल्युमिनियमचा डबा. बफर आणि बाकीची जोडणी मी व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या छिद्रांच्या बोर्डावर) हाताने केली आहे. शिट्टी त्याच हाताच्या जोडणीतून आली. तयार बोर्डाची त्यात चूक नाही.

आधी घरातली भुणभुण बाजूला काढावी लागली, कारण ती असताना बाकीचं नीट ऐकूच येत नव्हतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जाड, गोल ‘हम्म’ ऐकू आला तर तो बहुतेक ५० हर्ट्झचा, तारांतून किंवा पिकअपमधून (गिटारच्या तारांचं कंपन टिपणाऱ्या कॉइलमधून) शिरलेला. करकरीत, कडा असलेला बझ असेल तर तो १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींचा असतो. माझा दुसऱ्या प्रकारचा होता आणि पंखा कमी वेगावर ठेवला की वाढायचा. खोलीत गोल फिरवायचा जुना रेग्युलेटर होता. त्यातला ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वीज मध्येच जोडतो, म्हणजे सेकंदाला १०० झटके. एकाच कॉइलचा (सिंगल कॉइल) पिकअप ते अँटेनासारखे पकडतो. पायरीपायरीने फिरणारा, कंडेन्सरवाला रेग्युलेटर आणून बसवला आणि तो बझ गेला. गिटारच्या पोकळीत तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टला) जोडली. या दोन कामांना एक रविवार पुरला.

उरली शिट्टी. गिटारचा व्हॉल्यूम बंद केला तरी तशीच, पंखा-दिवे बंद केले तरी तशीच. ९ व्होल्टच्या बॅटरीवर पेडल चालवून पाहिलं (अल्कलाइन बॅटरी एवढा करंट फार वेळ देत नाही, पण परीक्षेपुरता देते), तरी तशीच. म्हणजे अ‍ॅडॅप्टर सुटला, घर सुटलं. आवाज डब्यातच जन्मत होता.

इथे आईने मदत केली. ती पेटी वाजवते, आणि आमची पेटी ए ४४० (ए हा स्वर ४४० हर्ट्झचा) धरून लावलेली आहे. मी हेडफोन तिच्या हातात दिले. तिने डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं, मग पेटीवर दोन-तीन पट्ट्या चाचपून म्हणाली, “पांढरी सात. पण अगदी बरोबर नाही रे, थोडी चढी आहे.”

पांढरी सात म्हणजे बी. वरच्या सप्तकातला तो बी ९८७.८ हर्ट्झचा. किंचित चढा, म्हणजे १०००? माझा कोड ४८ सॅम्पलचे गठ्ठे करून काम करतो. ४८,०००ला ४८ने भागा: सेकंदाला बरोबर १००० गठ्ठे. दर मिलिसेकंदाला प्रोसेसर जागा होतो, गठ्ठ्याचं गणित उरकतो आणि पुढच्या गठ्ठ्याची वाट पाहत बसतो. गणित करताना तो जास्त करंट खेचतो, वाट पाहताना कमी. करंटची ही चढउतार सेकंदाला हजार वेळा होते, आणि कुठेतरी ती ऑडिओत गळत होती.

अंदाज खरा की खोटा हे तपासायला एकच आकडा बदलायचा होता. गठ्ठा ४८चा ९६ केला, बोर्डात कोड पुन्हा भरला आणि आईला परत ऐकवलं. “तोच स्वर, खालच्या सप्तकात,” ती म्हणाली. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो पेडल पहिल्यांदा वाजलं तेव्हासुद्धा झाला नव्हता. अनोळखी आवाजाला पत्ता मिळाला होता.

तुमच्याही डिजिटल पेडलमध्ये अशी सरळ शिट्टी असेल तर आधी तिचा स्वर ओळखा. पेटी, ट्यूनर, मोबाईलवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप, काहीही चालेल. मग गठ्ठ्याचा आकार बदला. स्वर त्याच प्रमाणात हलला तर कारण प्रोसेसरच आहे. नाही हलला तर डिस्प्ले, स्विचिंग रेग्युलेटर किंवा दिव्याचा पीडब्ल्यूएम (दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं) तपासा.

एक पळवाट आहे, ती मी वापरून सोडली. गठ्ठा ४ सॅम्पलचा केला की शिट्टी १२ किलोहर्ट्झवर जाते. आईला ती ऐकूच आली नाही, माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याला मात्र लगेच आली. शिवाय एवढ्या लहान गठ्ठ्यात प्रोसेसरचा वेळ येण्याजाण्यातच जातो आणि माझा रिव्हर्ब अडखळू लागला. आवाज लपवण्यापेक्षा तो शिरतो कुठून ते शोधणं मला जास्त पटलं.

ती गळती एडीसीच्या (कोडेकमधला, आवाजाचे आकडे करणारा भाग) आधी आहे की डीएसीच्या (आकड्यांचा आवाज करणारा भाग) नंतर? इथे मी एक आठवडा वाया घालवला, तो तुमचा वाचावा म्हणून सविस्तर लिहितो. मी कोडमध्ये सरळ बायपास लावला, इनपुट जसाच्या तसा आउटपुटला. शिट्टी गायब. मी निष्कर्ष काढला की दोष रिव्हर्बच्या कोडमध्ये आहे, आणि सात दिवस तो कोड चाळत बसलो. खरं कारण वेगळंच: बायपासमध्ये प्रोसेसरला कामच नव्हतं. काम नाही म्हणून करंटची चढउतार नाही, आणि म्हणून शिट्टीही नाही. बरोबर परीक्षा अशी: गणित सगळं चालू ठेवायचं, फक्त एडीसीतून आलेल्या सॅम्पलला सुरुवातीलाच शून्याने गुणायचं. तसं केल्यावर शिट्टी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे ती इनपुटच्या बाजूने शिरत होती आणि डिस्टॉर्शन तिला फुगवत होता.

मग पुढून मागे सरकत गेलो. जॅकवर इनपुट शॉर्ट केलं, म्हणजे थेट ग्राउंडला जोडलं: शिट्टी आहे. बफरची जोडणी सोडवून कोडेकचं इनपुट एका कंडेन्सरमधून ग्राउंडला टेकवलं: शिट्टी खूपच कमी. उरला बफर.

टीएल०७२ला सिग्नलच्या वरखाली होण्यासाठी मधला आधार म्हणून अर्धा व्होल्टेज लागतो. ९ व्होल्टचे दोन सारखे भाग करायला मी १०-१० किलोओमचे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला होता. सर्किटच्या नकाशावर ते निर्दोष आहे. पण व्हेरोबोर्डवर जागा नव्हती म्हणून त्या कंडेन्सरचा ग्राउंडचा पाय मी प्रोसेसर बोर्डाच्या ग्राउंडला टेकवला होता, आणि तिथून डीसी जॅकपर्यंत एकच बारीक तार होती: रिबन केबलमधून सोडवलेली २८ गेजची, साधारण १५ सेंटीमीटर.

हिशोब करा. त्या तारेचा रोध सुमारे ०.०३ ओम. प्रोसेसरचा करंट ३० मिलिअँपिअरने वरखाली झाला तर तारेच्या टोकाला साधारण १ मिलिव्होल्ट हलतो. कंडेन्सर आपलं काम चोख करतो, म्हणजे तो हलणारं ग्राउंड जसंच्या तसं अर्ध्या व्होल्टेजला चिकटवतो, आणि बफर ते गिटारचा सिग्नल समजून पुढे पाठवतो. पुढे डिस्टॉर्शनमध्ये गेन शंभरपट. १ मिलिव्होल्टचे १०० झाले. नकाशात ग्राउंडची खूण सगळीकडे सारखीच काढतात, पण तारेच्या दोन टोकांना ग्राउंड एकच नसतं. परतीचा करंट कुठल्या वाटेने जातो हे नकाशात दिसत नाही, ते बोर्ड हातात घेऊन बोटाने गिरवावं लागतं.

दुरुस्ती तीन टप्प्यांत केली. प्रत्येक वेळी गेन पूर्ण ठेवून, इनपुट शॉर्ट करून आउटपुट रेकॉर्ड केला आणि १ किलोहर्ट्झचं शिखर, म्हणजे शिट्टीचा जोर, मोजलं. सुरुवातीला ते फुल स्केलच्या (रेकॉर्डिंगमध्ये मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पातळीच्या) खाली ३१ डीबीवर, म्हणजे उणे ३१ होतं.

पहिला टप्पा फुकटचा. वीज वाचावी म्हणून मी रिकाम्या वेळी प्रोसेसरला झोपवत होतो. अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या पेडलला त्याची गरज नाही, उलट झोप आणि जाग यांतला फरकच शिट्टीला जोर देत होता. ती एक ओळ काढली: उणे ३९.

दुसरा टप्पा खरा. बफर, अर्ध्या व्होल्टेजचा कंडेन्सर आणि इनपुट जॅक यांचं ग्राउंड एका जाड तारेने थेट डीसी जॅकला नेलं, प्रोसेसरचं ग्राउंड दुसऱ्या तारेने वेगळं नेलं. दोन्ही फक्त तिथेच भेटतात. इनपुट जॅक डब्यापासून प्लास्टिकच्या वॉशरने अलग केला, नाहीतर डब्यातून तिसरी वाट तयार होते. मोजलं: उणे ६६. मी दोनदा पुन्हा मोजलं, कारण विश्वास बसेना.

तिसरा टप्पा थोडासाच. बफरच्या ९ व्होल्टच्या तारेत ४७ ओम आणि ४७० मायक्रोफॅरड. हा फिल्टर ७ हर्ट्झच्या वरचं सगळं कापायला लागतो. टीएल०७२ जेमतेम ३ मिलिअँपिअर घेतो, म्हणून त्यात ०.१४ व्होल्टच जातो. हाच रेझिस्टर प्रोसेसरच्या वाटेत चुकूनही लावू नका, तिथे १०० मिलिअँपिअरलाच पावणेपाच व्होल्ट खाईल. कंडेन्सर बुधवार पेठेतून आणला, डब्यात आडवा झोपवून बसवला. शिखर आता उणे ७० डीबीवर आहे.

काल रात्री गेन पूर्ण ठेवून, पंखा बंद करून बसलो. डिस्टॉर्शनची नेहमीची सूं आहे, ती राहणारच. शिट्टी शोधूनही सापडली नाही. आईला ऐकवलं तर तिने बराच वेळ हेडफोन काढले नाहीत. मग म्हणाली, “स्वर गेला. पण अधूनमधून टिक टिक होतंय.”

तिचं बरोबर आहे. ती टॅप टेम्पोच्या (पायाने ठोके देऊन डिलेची लय ठरवायच्या बटणाच्या) लुकलुकणाऱ्या दिव्याची टिक आहे, टेम्पो बदलला की तीही बदलते. दिव्याला ४७० ओमचा रेझिस्टर आहे आणि त्याचं ग्राउंड अजून बफरच्या पट्टीवरच आहे. शनिवारी ते प्रोसेसरच्या बाजूला नेतो, तेजस्वी दिवा लावून रेझिस्टर ४.७ किलोओमचा करतो, आणि मग मोजतो.