टाक्यातला पू आणि भात

रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष. सिझरनंतर सहाव्या दिवशी एक बाळंतीण परत आली, ताप १०१, टाक्याभोवती लालभडक. सासूने आल्या आल्या सांगून टाकलं, "मॅडम, भात खाऊ नको म्हटलं होतं हिला, भाताने पू होतो." नवरा काही बोलला नाही, पण नजर सांगत होती की तुमचं ऑपरेशन थिएटरच घाण असणार.

दोन टाके काढले आणि भसकन पू आला, वास असा की इंटर्न तोंड दाबून बाहेर पळाली.

रात्री जुना केसपेपर काढून बसले. पाणी घरीच गेलेलं, आमच्याकडे पोचेपर्यंत चौदा तास, मग कळांमध्ये आणखी आठ, आणि तेवढ्यात पीव्ही, म्हणजे बोटांनी योनीतून तपासणी, सात वेळा! त्यातल्या तीनवर माझीच सही. योनीत जंतू असतातच, लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू तिथं आंबटपणा धरून ठेवतात म्हणून बाकीचे दबून राहतात, पण पिशवी फुटली की वरची वाट मोकळी आणि दर तपासणीला आमची बोटं त्यांना आणखी वर नेणार, मग सिझरला गर्भाशय उघडलं की तेच पाणी पोटाच्या जखमेत. पोट आम्ही घासूनपुसून घेतो, पण सिझरआधी योनीही बीटाडाइनने पुसून घ्या असं डब्ल्यूएचओ सांगते, ते मिनिटाचं काम त्या रात्री राहिलं. बाळाचे ठोके कमी होत होते, घाई होती, खोटं कशाला बोलू.

सेफाझोलिन, इन्फेक्शन टाळायचं अँटिबायोटिक, मात्र वेळेत दिलेलं. पूचा रिपोर्ट आला, नो ग्रोथ, म्हणजे जंतू उगवलेच नाहीत. मी खूश, सर नाहीत. म्हणाले, युरियाप्लाझ्मा हा जंतू असला तर साध्या प्लेटवर उगवणारच नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसते तर सेफाझोलिन तोडणार काय? अमेरिकेत २०१६ ला एक ट्रायल आली होती, कळा सुरू असलेल्या किंवा पाणी गेलेल्या बायकांना सिझरच्या वेळी जोडीला अझिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा एक डोस दिला तर इन्फेक्शन १२ टक्क्यांवरून ६ वर आलं. आमच्या थिएटरमध्ये तेव्हा ती पद्धत नव्हती.

सासूला, म्हणजे आजींना, म्हटलं भात खाऊ द्या तिला पोटभर, त्यांना काही पटलं नाही.

चौथ्या ड्रेसिंगला आजी चहाला गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "मॅडम, आठव्या महिन्यापासून घाण वासाचं पांढरं जात होतं. तपासणीला दरवेळी सासूबाई सोबत, सांगणार कसं?"

केसपेपरवर तिथं आमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, तक्रार नाही.