आमची वाटचाल: सिमेंटकडून चुन्याकडे

आमच्या व्यवसायाची सुरुवात गिलाव्याच्या आणि गळती थांबवण्याच्या कामांपासून झाली. नव्या इमारतींसाठी जे साहित्य आणि जी पद्धत चालत होती, तीच आम्ही जुन्या इमारतींसाठीही वापरत असू. अशाच एका जुन्या घराच्या पोपडे निघालेल्या भिंतीला आम्ही सिमेंटचा जाड गिलावा केला. भिंत दिसायला ठणठणीत झाली, मालक समाधानी होते. पण दोन पावसाळ्यांनंतर गिलाव्याच्या वरच्या कडेपाशी, म्हणजे पूर्वीपेक्षा हातभर उंच, ओल चढलेली दिसली. गिलावा फोडला तेव्हा आतल्या विटा बोटाने उकरता येत होत्या. ते नुकसान आमच्या हातून झाले होते, आणि ते का झाले हे समजून घेताना आमच्या कामाची दिशा कायमची बदलली.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले आणि ते सर्रास वापरात येण्यास त्यानंतरही बराच काळ गेला. त्यापूर्वीच्या बहुतेक भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या आहेत. अशी भिंत थोडे पाणी शोषते आणि ऊन-वारा मिळाला की सांध्यांतील चुन्यावाटे ते बाहेर सोडते. त्या सांध्यांत सिमेंट भरले की ही वाट बंद होते, ओलावा विटेतून बाहेर पडू लागतो, त्याबरोबर आलेले क्षार विटेच्या आत साकळतात आणि लोणा लागून वीट आतून फुटते. सांध्याचा मसाला विटेपेक्षा मऊ हवा, म्हणजे झिजायचे ते सांध्याने झिजावे आणि वीट शाबूत राहावी, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. झिजलेला सांधा पुन्हा भरता येतो, झिजलेली वीट भरून येत नाही.

ही समज पुरती अंगी बाणली ती शहराच्या मध्यवस्तीतील एका दुमजली व्यापारी इमारतीमुळे. ती पाडण्याचे घाटत असताना मालकांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि दुरुस्तीच्या बदल्यात वरचा मजला आम्हाला कार्यालयासाठी दिला. सुरुवातीचे काही महिने आम्ही थापीला हातही लावला नाही. फक्त इमारत वाचत होतो. दर्शनी भागावरील पत्र्याचे फलक उतरवले तेव्हा त्यांच्यामागे सज्जाला आधार देणारे कोरीव लाकडी हात (ब्रॅकेट) सापडले. मूळच्या नऊपैकी सहा शिल्लक होते. माळ्यावरच्या वाशांवर हातकरवतीच्या सरळ खुणा होत्या, तर मागच्या खोल्यांच्या फळ्यांवर गोल करवतीच्या कमानदार रेषा होत्या, त्यावरून मागचा भाग नंतर जोडलेला असावा असे वाटले. खिळे काढून पाहिले तर तिथेही तोच फरक: पुढे घडीव चौकोनी खिळे, मागे तारेचे गोल. एका दाराच्या चौकटीवर आम्ही रंगाचे थर पायरीपायरीने खरवडले तेव्हा वरच्या करड्या रंगाखाली हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवाच पण अधिक गडद, आणि अगदी तळाशी नुसते तेल प्यायलेले लाकूड लागले. कागदपत्रे फारशी हाती लागली नाहीत; इमारतीने स्वतःच स्वतःबद्दल जास्त सांगितले.

सर्वांत मोठी काळजी तुळयांची होती. मधल्या तुळया टणक होत्या, पण भिंतीत शिरलेल्या टोकाशी आर, म्हणजे टोकदार टोचणी, टोचली तर ती मुठीपर्यंत आत जाई. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला फावते, आणि इथे तर सिमेंटने लिंपलेल्या बाहेरच्या भिंतीने तो वर्षानुवर्षे टिकवून धरला होता. अख्खी तुळई बदलणे सोपे होते. आम्ही मात्र टेकू देऊन फक्त कुजलेला भाग कापला, त्याच जातीच्या मुरलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या खाचेने जोडला आणि जोडावर दुरुस्तीचे वर्ष कोरले, म्हणजे पुढच्या माणसाला जुने कोणते आणि नवे कोणते हे विचारावे लागणार नाही. टोकाभोवती हवा खेळेल एवढी जागाही ठेवली.

चुना शिकायला अधिक वेळ लागला. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडताच तो उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून तो विरवताना, म्हणजे पाण्यात फोडताना, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घातल्याशिवाय आम्ही कोणालाही हौदाजवळ जाऊ देत नाही. विरवलेला चुना पाण्याखाली जितका मुरतो तितका लोण्यासारखा मऊ होतो. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला तोच वायू सावकाश परत घेऊन पुन्हा दगड बनतो. त्याला घाई सोसत नाही: थर पातळ हवा, गोणपाट ओले हवे, उन्हाचा तडाखा नको. तयार झालेल्या गिलाव्याचा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे रसायन टाकले की जिथे चुना अजून पिकलेला, म्हणजे पुन्हा दगड बनलेला, नसतो तिथे गडद गुलाबी रंग उमटतो. पहिल्या भिंतीचा तुकडा आम्ही असा तपासला, तेव्हा बाहेरची कड पांढरी आणि गाभा गुलाबी निघाला. मिस्त्रींनी तो तुकडा हातात फिरवत दुसरा थर पुढे ढकलला.

जुन्या वास्तूंच्या जतनासाठी व्हेनिस येथे १९६४ मध्ये झालेल्या सनदेत म्हटले आहे की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. सज्जाचे गेलेले तीन हात आम्ही उरलेल्या सहांवरून घडवले, कारण पुरावा समोर होता. कठड्यावरच्या शोभेच्या कामाचा मात्र कोणताही माग लागला नाही. काहींनी ‘त्या काळाला शोभेल असे’ काहीतरी बसवण्याचा आग्रह धरला. आम्ही तो कठडा साधाच ठेवला, आणि हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मागच्या भिंतीवरचे सिमेंट अद्याप निघायचे आहे. यंत्राने ते एका दिवसात निघेल, पण विटांच्या कडाही जातील, म्हणून लहान छिन्नीने एकेक सांधा मोकळा करावा लागणार आहे. त्या कामासाठीचा चुना आम्ही विरवून हौदात पाण्याखाली ठेवला आहे.